कॅम्प्टोथेसीन

कर्करोगावरील औषधांचे मूलद्रव्य म्हणून महत्त्वाचे ठरलेले वनस्पतिज अल्कलॉइड. अमेरिकेत मन्रो वॉल व मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये ते एका चिनी वृक्षापासून वेगळे केले. १९७२ मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन् यांना ते सह्याद्रीतील नरक्या या उग्र दुर्गंधी वृक्षातही आढळले.

कोशिकाविभाजनापूर्वी डीएनएची प्रतिकृती होताना त्याला पीळ पडतो. तो सोडविण्यासाठी टोपोआयसोमरेज-१ हे एंझाइम डीएनएचा एक पदर तोडून पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसीन नेमके त्या फटीत अडकते व सांधणी रोखते. पुढे सरकणारी प्रतिकृतियंत्रणा तेथे आदळली की दोन्ही पदर तुटतात आणि कोशिका मरते. अस्थिमज्जा व आतडे यांतील त्वरेने विभागणाऱ्या निरोगी कोशिकाही यातून सुटत नाहीत. म्हणून पांढऱ्या कोशिका घटतात व अतिसार होतो.

मूळ द्रव्य पाण्यात जवळजवळ अविद्राव्य व फार विषारी असल्याने त्याच्या प्रारंभीच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. टोपोटेकान व इरिनोटेकान हे त्याचे अनुजात (त्यापासून बनविलेली संयुगे) मात्र १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता पावले. सागरी स्पंजातील संयुगांवरून घडविलेले सायटॅराबीन प्रयोगशाळेत सहज बनते. कॅम्प्टोथेसीन आजही मुख्यतः वृक्षांतूनच काढतात. परिणामी सह्याद्रीत नरक्याची चोरटी तोड झाली, मुळेही खणली गेली. लागवडीखेरीज यावर दुसरा टिकाऊ उपाय दिसत नाही.