स्वस्त इअरफोन घेताना कापडासारखी पारख करा

२०२३ च्या रमझान ईदपूर्वीची गोष्ट. वर्तकनगरच्या आमच्या दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती आणि मुंब्र्याच्या एका शिलाई कारखानदाराचा फोन आला. हात मोकळा नव्हता, म्हणून कानात इअरफोन घालूनच बोललो. त्यांनी अस्तराचे सात ताके मागितले, आम्ही साठ ऐकले. सणाचा हंगाम असल्याने एवढी मागणी खरी वाटली. टेम्पो साठ ताके घेऊन गेला आणि त्रेपन्न घेऊन परत आला. दोन्ही वेळचे भाडे, हमाली आणि हंगामातला एक दिवस आमच्या अंगावर पडला. कारखानदारांचा उच्चार स्वच्छ होता. दोष होता तो स्टेशनबाहेर दीडशे रुपयांत घेतलेल्या इअरफोनचा, आणि आकडा पुन्हा विचारून न घेणाऱ्या आमचा.

आज भाव, ऑर्डर, तगादा सगळे फोनवर चालते. तेव्हा इअरफोन ही पोरांची हौस न राहता मीटरपट्टीसारखे धंद्याचे हत्यार झाले आहे. त्या नुकसानीनंतर आम्ही तीन प्रकारचे इअरफोन आणले : एक कडक प्लॅस्टिकचा, एक रबरी टोपीचा वायरवाला चारशेच्या आसपासचा आणि एक बिनवायरचा हजार-बाराशेचा. प्रत्येक आठवडाभर वापरला, आमच्या टेलर मास्तरांनाही वापरायला दिला. त्यातून आलेला तजुर्बा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी बसतो कसा ते पाहा

कापड अंगावर टाकल्याशिवाय त्याचा पडाव कळत नाही, तसेच इअरफोनचे आहे. रबरी टोपीच्या इअरफोनबरोबर बहुधा लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन जोड्या मिळतात. पुष्कळ लोक बसवून आलेली मध्यम जोडीच कायम वापरतात आणि बाकीच्या खोक्यातच राहतात. ही चूक आहे. दोन्ही कान सारखे असतातच असे नाही. आम्हाला उजव्या कानास मध्यम आणि डाव्यास मोठी टोपी लागली.

घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व मागे ओढावी, म्हणजे टोपी नीट आत बसते. मग तोंड उघडावे, चावल्यासारखे करावे, मान वळवावी. सुटला तर टोपी बदलावी. आतून दाब जाणवला तर टोपी मोठी आहे. बाहेरच्या वाटीत दुखत असेल तर इअरफोनचे अंगच मोठे आहे. तो टोपी बदलून सुधारणार नाही. कडक प्लॅस्टिकचा आमच्या कानात अर्ध्या तासात दुखू लागला. मास्तरांना रबरी टोपीचाही तासाभरात त्रास झाला, पण लहान टोपी लावताच तक्रार गेली.

बसण्याचा आवाजाशी थेट संबंध आहे. कान नीट बंद झाला नाही तर खालचे जाड सूर निसटतात आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. मग माणूस आवाज वाढवतो. आवाज पातळ वाटला तर मालाला नावे ठेवण्यापूर्वी टोपी बदलून पाहावी.

वायर शर्टाला घासली की कानात खरखर येते. खळ दिलेल्या सुती कापडावर ती जास्त, मऊ कापडावर कमी. वायर कानावरून मागे घेतली किंवा चिमट्याने कॉलरला लावली की बरीच थांबते.

शीन-काफ दुरुस्त आहे का?

खोक्यावर २० ते २०,००० हर्ट्झ असे छापलेले असते. ती साधारण माणसाच्या ऐकण्याची मर्यादा आहे. त्यावरून आवाज चांगला की वाईट हे ठरत नाही. आत १० मिलिमीटरचा पडदा आहे एवढ्यानेही ठरत नाही.

उर्दू शाळेत आमचे उस्ताद शीन-काफ दुरुस्त करून घेत. तीच कसोटी येथे लावावी. ओळखीच्या माणसाचे बोलणे ऐका. स, श, ख, ठ वेगवेगळे कळतात का? ‘स’ सुईसारखा टोचतो का? स्वस्त मालात ढोलकीचा धमाका वाढवून ठेवलेला असतो. तो दुकानात ऐकायला बरा वाटतो, पण त्याखाली ही बारीक अक्षरे दबतात. जुन्या साध्या कॉलमध्ये ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे. आता फोर-जी कॉलमध्ये तो बराच रुंद झाला आहे. तरी कॉलवर अक्षरे मुळातच नाजूक असतात, त्यात धमाका मिसळला की सात आणि साठ एक होतात.

नंतर मेहदी हसन यांची ओळखीची गझल लावा. गळा पुढे, तबला आणि हार्मोनियम आपापल्या जागी असे ऐकू आले तर माल ठीक. पन्नाशीनंतर बारीक सूर कमी ऐकू येतात, म्हणून आम्ही घरातल्या मुलालाही ऐकायला लावतो.

आपला आवाज समोर कसा जातो तेही पाहावे. आम्ही पोखरण रोडवर बसगाड्यांच्या आवाजात उभे राहून आकडे रेकॉर्ड केले आणि घरी ऐकले. आमच्या तीन नगांत वायरवाला सर्वांत साफ ठरला. बिनवायरचा फिरताना सोयीचा, पण तो रोज चार्ज करावा लागतो आणि हरवण्याची धास्ती राहते.

कान परत मिळत नाही

हा मुद्दा भिवंडीच्या यंत्रमागवाल्या बांधवांसाठी विशेष. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० डेसिबलचा फक्त ४ तास. मागाच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवणे म्हणजे दुहेरी मार. आतल्या कानातील बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. तेथे कानरक्षक वापरावा आणि फोनवर बाहेर येऊन बोलावे.

खरेदी करताना पॅकेटवर कमाल किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता आणि तक्रारीचा पत्ता छापला आहे का ते पाहावे. बिनवायरच्या मालास भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. पक्के बिल घ्यावे.

आम्ही काउंटरवर आता रबरी टोपीचा वायरवालाच वापरतो. तरीही ऑर्डर घेताना आकडा मोडून परत बोलतो : ‘साठ, म्हणजे सहा आणि शून्य?’ इअरफोन कितीही चांगला असला तरी ही सवय सोडू नये.