तंबोऱ्याची तार आणि विलायती ‘अँबियंट’ संगीत

धानाची रोवणी आटोपली, बांध्यांत पाणी साचले, की साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावी रात्रभर बेडकांचा आवाज चालतो. तो कोणी मुद्दाम ऐकत बसत नाही. माणसे जेवतात, बोलतात, झोपी जातात. पण बेडूक एकाएकी गप्प झाले, तर झोपलेला माणूसही कूस बदलतो. सतत चालणारा, लक्ष न मागणारा असा भोवतालचा आवाज संगीत होऊ शकेल काय? पश्चिमेकडच्या काही संगीतकारांनी गेल्या शतकात हा प्रश्न विचारला आणि त्यातून ‘अँबियंट’ संगीत, म्हणजे भोवतालचे संगीत, निघाले. त्याच्याशी आपला काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. संबंध आहे, आणि तो तंबोऱ्यातून जातो.

पण आधी ते संगीत काय, ते पाहू. १९७५ साली ब्रायन ईनो नावाचा इंग्रज संगीतकार अपघातानंतर अंथरुणाला खिळला होता. भेटीस आलेल्या मैत्रिणीने हार्प या तंतुवाद्याची रेकॉर्ड दिली. कसाबसा उठून त्याने ती लावली आणि आडवा झाल्यावर कळले, की आवाज फार बारीक राहिला. पुन्हा उठायचे त्राण नव्हते. मग पावसाच्या आवाजात अर्धेमुर्धे बुडालेले ते सूर तो तसेच ऐकत राहिला आणि त्याला ते आवडू लागले! १९७८ मध्ये त्याने ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ ही रेकॉर्ड काढली. टेपची कमीजास्त लांबीची वेटोळी करून ती एकाच वेळी फिरवायची, ही त्यातली युक्ती. बैलजोडीतल्या दोघांच्या गळ्यांतल्या घंटा पहा. कधी एकत्र वाजतात, कधी मागेपुढे. चाल ठरलेली, पण मेळ दर वेळी नवा. तसेच काहीसे.

आता तंबोरा. एकच सूर तासन्तास धरून ठेवण्याची हिंमत या मंडळींना सगळी आपल्याकडूनच मिळाली, असे म्हणणे खोटे ठरेल. ला माँट यंग हा अमेरिकन संगीतकार १९५८ पासूनच लांबलचक सुरांच्या रचना करीत होता. पण त्या सुराच्या पोटात काय काय असते, हे शिकायला तो आणि त्याचा मित्र टेरी रायली एका हिंदुस्थानी गवयाचे शागीर्द झाले. पंडित प्राणनाथ त्यांचे नाव. ते १९७० साली अमेरिकेत गेले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल वहीद खाँ हे त्यांचे गुरू. याच घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब आपल्या मिरजेत स्थायिक झाले आणि १९३७ साली वारले. एकेक स्वर सावकाश उलगडायचा, घाई करायची नाही, ही या घराण्याची रीत.

मिरजेचे नाव आले, म्हणून तिथल्या तंबोऱ्याविषयी जरा सांगतो. पंढरपूर भागातले मोठे भोपळे आणून मिरजेचे कारागीर तंबोरे घडवतात. २०२४ साली या तंबोऱ्यांना आणि सतारींना भौगोलिक मानांकन मिळाले. खरी करामत असते जवारीत. घोडीचा माथा किंचित उतरता घासतात आणि तारेखाली सुताचा धागा सरकवतात. मग तार घोडीला हलकेच चाटत थरथरते आणि एका सुरातून अनेक सूर फुटतात. खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. त्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात. तंबोरा हा गाण्यामागचा नुसता पडदा आहे असे समजणाऱ्यांनी तो एकदा एकटाच ऐकावा.

प्राणनाथांकडे जॉन हॅसेल नावाचा एक ट्रंपेटवादकही शिकला. गळ्यातली मींड पितळी कर्ण्यातून काढायची, असा त्याने ध्यास घेतला. १९८० साली ईनोबरोबर त्याने ‘फोर्थ वर्ल्ड’ नावाने एक रेकॉर्ड केली. तीत ब्राझीलचा एक वादक आहे, सेनेगलचा एक आहे, विजेची यंत्रे आहेत, आणि ट्रंपेट तर ओळखूच येत नाही, कोणी गुणगुणते आहेसे वाटते. ही भेसळ का मानायची नाही? माझे मत असे, की हॅसेलने आधी शिष्यत्व पत्करले आणि नंतर मिश्रण केले. अलीकडे पुष्कळ लोक दोन मिनिटांचा तंबोरा यंत्रात भरतात, वर पाण्याची खळखळ सोडतात आणि शांतीच्या नावाने विकतात. त्यात तंबोराही नसतो आणि शांतीही नसते.

आपल्याकडे तरी निराळे काय चालले आहे? भजनी मंडळातली एकतारी खुंटीला लागते आणि मोबाइलमधला तयार तंबोरा तिची जागा घेतो. तो बेसूर होत नाही, हे खरे. पण मुलांना तार लावायला तो शिकवणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, गावात एकतारी असेल तर एक दिवस वर्गात मागवून घ्या. तार मोजा. बरोबर मध्यावर बोटाने नुसता स्पर्श करून छेडा आणि बोट लगेच उचला: वरचा षड्ज येईल. तिसऱ्या हिश्श्यावर तसेच करा: त्याच्या वरचा पंचम. पाचव्या हिश्श्यावर गंधार मिळेल, पण तो फार नाजूक असतो. दोनचार वेळा प्रयत्न करावा लागेल. मग तार मोकळी छेडून पोरांना डोळे मिटायला सांगा, आणि सूर ऐकू येईनासा झाला की ज्याने त्याने हात वर करावा. सगळे हात एकाच वेळी वर होणार नाहीत. तेवढा वेळ पंखा मात्र बंद ठेवा.