एंजिनाची अश्वशक्ति आणि चाकांची अश्वशक्ति

मोटार विकत घेणाऱ्यास माहितीपत्रकांत एक आंकडा हमखास वाचावयास मिळतो, तो अश्वशक्तीचा. हा आंकडा खोटा नसतो. परंतु तो मोटारीचा नसून एंजिनाचा असतो. ठाण्याहून घोडबंदराकडे जातांना गायमुखाच्या घाटांत मोटार वर ढकलतात तीं चाकें, आणि त्यांच्या वांट्यास येणारी शक्ति त्या आंकड्याहून नेहमींच कमी भरते. ती किती कमी, व मधल्यामध्यें कोठें जाते, हें ठाऊक असलेल्या मनुष्याची दुरुस्तीच्या वेळीं पुष्कळशी फसगत टळते.

अश्वशक्ति हें माप जेम्स वॅट यानें रूढ केलें. आपलें वाफेचें यंत्र किती घोड्यांचें काम करील, हें त्याला गिऱ्हाइकांस पटवावयाचें होतें. आज मेट्रिक पद्धतीनें पाऊणशें किलोग्रॅम वजन एका सेकंदांत एक मीटर उचलण्याइतकी शक्ति ती एक अश्वशक्ति. माणसांसह बाराशें किलोग्रॅम भरणारी एखादी मोटार वीस फुटांत एक फूट चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १० मीटर वेगानें जात आहे असें समजा. चढासाठीं ६० किलोग्रॅमांचा जोर लागतो, टायरांचा व हवेचा विरोध मोडण्यास सुमारें १५; एकंदर ७५. तेव्हां चाकांवर बरोबर १० अश्वशक्ति हवी. येथें चालक गिअर खालीं आणतो आणि मोटारीची शक्ति वाढली असें म्हणतो. वस्तुतः गिअरनें चाकांवरील जोर वाढतो व त्याच प्रमाणांत फिरण्याचा वेग घटतो. गिअर स्वतः शक्ति निर्माण करीत नाहीं, उलट थोडी खातोच. खालच्या गिअरांत एंजिन जलद फिरूं शकतें म्हणून तें अधिक शक्ति देतें, इतकाच त्या अनुभवाचा अर्थ.

एंजिनापासून चाकांपर्यंतचा मार्ग सर्व मोटारींत सारखा नसतो. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीनें कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ पासून फियाट ११०० डी ही मोटार बांधली. पुढें पद्मिनी या नांवानें ती ठाण्या-मुंबईच्या घरोघरीं व टॅक्सीच्या तळांवर ओळखीची झाली. तिचें १०८९ घनसेंटिमीटरचें, चाळीसएक अश्वशक्तीचें एंजिन पुढें, तर मोटार ढकलणारीं चाकें मागें. त्यामुळें शक्तीला क्लच, गिअरची पेटी, गाडीखालून जाणारा लांब दांडा आणि मागच्या आंसावरील दंतचक्रें इतका प्रवास करावा लागे. शेवटीं तर तिला काटकोनांत वळावें लागे. नव्वदीच्या दशकांत याच कंपनीच्या कल्याण-डोंबिवली येथील कारखान्यांत, प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या भागीदारींत, प्यूजो ३०९ तयार होऊं लागली. तींत एंजिन आडवें बसविलेलें व चाकेंही पुढचींच. लांब दांडा नाहीं, काटकोनही नाहीं.

यावरून दुसरीचा तोटा फारच कमी असावा असें वाटतें. पण हिशेब इतका सरळ नाहीं. चांगल्या तेलांत चालणारी दंतचक्रांची जोडी तींतून जाणाऱ्या शक्तीचा शेंकडा एक-दोन भाग खाते, आणि काटकोनांत वळविणारी जोडी त्याहून कांहींसा अधिक. मात्र मागच्या चाकांच्या जुन्या रचनेंत सर्वांत वरच्या गिअरांत शक्ति पेटींतून जवळजवळ सरळ पार होते, तर आडव्या रचनेंत प्रत्येक गिअरांत दोन जोड्या ओलांडाव्याच लागतात. एकीकडे वांचलें तें दुसरीकडे थोडें जातें.

‘शेंकडा पंधरा वजा करा’ हा कारागिरांचा ठोकताळा सोयीचा आहे, पण तो नियम नव्हे. तेल घुसळणें व बेअरिंगें फिरविणें यांचा खर्च बहुतेक वेगावर अवलंबून असतो, वाहून नेलेल्या शक्तीवर नव्हे. समजा, एका ठराविक वेगास या कामीं २ अश्वशक्ति जाते आणि शिवाय वाहणाऱ्या शक्तीचा शेंकडा ५ भाग जातो. एंजिन ४० देत असतां तोटा ४, म्हणजे शेंकडा १०. त्याच वेगास एंजिन १० च देत असतां तोटा अडीच, म्हणजे शेंकडा २५. म्हणून एंजिन दुप्पट शक्तीचें केल्यानें तोटा दुप्पट होत नाहीं. कल्याण-शीळ रस्त्यावर वाहतूक तुंबली म्हणजे तर एंजिन धडधडत राहतें आणि चाकांची अश्वशक्ति असते शून्य.

चाकांची शक्ति मोजण्यास मोटार मोठ्या रुळांवर उभी करून चालवितात. यंत्र रुळांवरचा जोर व वेग पाहून आंकडा देतें. टायरांत हवा कमी असली, गाडी बांधणारे पट्टे फार आवळले किंवा गिअरचें तेल थंड असलें, तरी आंकडा खालीं येतो. त्यामुळें निरनिराळ्या यंत्रांवरील आंकडे एकमेकांशीं ताडणें व्यर्थ. एकाच यंत्रावर दुरुस्तीपूर्वीं व नंतर घेतलेले आंकडेच कांहीं सांगतात. आणि एंजिनाचे आंकडे तरी सर्व एका जातीचे कोठें असतात? अमेरिकेंत १९७१ पर्यंत पुष्कळ कंपन्या पंखा, धूर बाहेर नेणारी नेहमींची नळी वगैरे सरंजाम काढून एंजिन मोजीत. १९७२ पासून सरंजामासह मोजण्याची पद्धत आली आणि एंजिनांत बदल नसतांही कित्येक मोटारींची छापील शक्ति एकदम उतरली.

घाटांत मोटार दमूं लागली कीं मालक एंजिन उघडण्याची आज्ञा देतो, आणि खर्चाचा मोठा भाग तेथेंच जातो. दोष पुष्कळदां पुढच्या मार्गांत असतो. एंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाहीं, तर क्लच घसरत असण्याचा संभव मोठा. सपाट रस्त्यावर मोटार सोडून दिली असतां पूर्वींहून लवकर थांबते, तर ब्रेक चिकटत असावा किंवा टायर मऊ पडले असावेत. थोडा प्रवास करून, ब्रेक फारसा न दाबतां, मोटार थांबवावी आणि प्रत्येक चाकाजवळ, स्पर्श न करतां, हात धरून पाहावा. एकच चाक इतरांहून तापलेलें लागलें, तर हरवलेल्या अश्वशक्तीचा कांहीं भाग तेथें उष्णतेच्या रूपानें हाताला लागतो.