रॅकला सिग्नल आधी लागतो की वीज?

जालना जिल्ह्यातल्या जाफराबाद तालुक्यातलं टेंभुर्णी (सोलापूरकडचं नव्हे) किंवा तसं कुठलंही मोठं गाव घ्या. तिथला केबल-इंटरनेटवाला बहुधा एका छोट्या गाळ्यातून गावभर फायबर देतो. गाळ्यात १९ इंची रॅक असतो. त्यात ओएलटी (गावभर फायबरचा सिग्नल वाटणारं यंत्र), स्विच, राउटर. नेट बंद पडलं की सगळ्यांचा पहिला संशय फायबरवर. रॅकमागच्या वायरी मात्र कुणी बघत नाही, कारण त्यांच्याबद्दल काही समज पक्के बसलेत.

‘अर्थिंग चांगलं आहे, सामान जळणार नाही.’ हा सगळ्यात महागात पडणारा समज. सामानाच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती जमिनीत जावी, एमसीबी पडावा आणि माणूस वाचावा, हे अर्थिंगचं काम. पण डीपीकडून येणारा न्यूट्रल तुटला, तर २३० व्होल्टच्या सॉकेटला ४०० च्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं. तिथे गाळ्यातलं अर्थिंग कितीही भक्कम असलं तरी ते व्होल्टेज रोखत नाही. त्यासाठी व्होल्टेज वाढताच लाइन तोडणारा प्रोटेक्टर वेगळा लावावा लागतो. विजेच्या कडकडाटासाठी एसपीडी (सर्ज प्रोटेक्टर), तोही वेगळा. त्याची अर्थची वायर अर्ध्या मीटरच्या आत हवी. भिंतभर फिरवलेल्या लांब वायरीवर त्याचा उपयोग बराच घटतो.

अर्थिंगचा खड्डा एकदा मोजला की झालं, हाही समजच. काळी जमीन पावसाळ्यात ओल धरते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पट्टीभोवतीची माती सुटते. ऑगस्टमध्ये मोजलेला आकडा मे महिन्यात खरा राहत नाही. मोजायचं ते उन्हाळ्यात.

‘फायबर काचेची, तिच्यातून वीज कशी येणार?’ काचेतून नाहीच येत. पण खांबावरून ओढलेल्या केबलला अनेकदा आधाराची पोलादी तार असते, काही केबलना पोलादी आवरणही असतं. ती तार तशीच रॅकपर्यंत आणली तर वीज सरळ आत. गाळ्यात शिरतानाच तिला अर्थ द्यायचा आणि तो अर्थ रॅकच्या, डिशच्या अर्थशी जोडायचा. ‘वेगवेगळे अर्थ जास्त सुरक्षित’ असं सांगणारे वायरमन भेटतात. जवळ वीज पडली की नेमका त्या दोन अर्थमधला व्होल्टेजचा फरक सामानातून वाट काढतो.

‘दोन पॉवर सप्लाय आहेत, चिंता नाही.’ दोन्हीचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डात असतील, तर दुसऱ्याचे पैसे वाया. एक यूपीएसवर, दुसरा वेगळ्या इन्व्हर्टरवर हवा. आणि एक गेला की सगळा लोड दुसऱ्यावर येतो, म्हणून प्रत्येक लाइनमध्ये पूर्ण लोड पेलण्याची ताकद पाहिजे.

डीसीवर चालणाऱ्या सामानात आणखी एक घोळ. तिथे उणे ४८ व्होल्ट असतात: अधिक टोक अर्थला, जिवंत (लाइव्ह) वायर उणे. गाड्यांच्या बॅटऱ्या जोडून सवय झालेला माणूस फ्यूज अधिक टोकाला टाकतो. मग फ्यूज काढला तरी उणे वायर जिवंतच राहते. पाना निसटून पत्र्याला लागला की ठिणगी उडते.

कंट्रोलबद्दल थोडं. कन्सोल पोर्ट लॅनसारखा दिसतो, पण तो सीरियल असतो. लॅनच्या वायरीने लॅपटॉप जोडून तासभर वाट बघण्यात अर्थ नाही. कन्सोलची खास वायर लावा, स्पीड ९६०० किंवा ११५२००, जो सामानाच्या पुस्तिकेत असेल तो. पीओईची (डेटाबरोबर वीजही नेणारी) वायर मात्र त्यात चुकूनही लावू नका. आणि ‘मी घरून मोबाइलवर बघतो’ हे त्याच फायबरवर अवलंबून असेल, तर फायबर तुटताच तुमचं बघणंही संपलं. सिमकार्डवर चालणारा छोटा राउटर दुसरी वाट खुली ठेवतो. फक्त तोही यूपीएसवर हवा.

पावसाळ्याआधी रात्री उशिरा, गिऱ्हाईक कमी असताना, एक सप्लाय काढून बघा, मग तो लावून दुसरा काढा. दोन्ही वेळा रॅक चालू राहिला तरच तुमच्याकडे दोन सप्लाय आहेत.