अरे, आवाज कुणाचा?

गेल्या दिवाळीत कडेगावच्या घरी माझं एकच मिशन होतं: आजीची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायची. आजी आता नाही. मोहरमच्या गगनचुंबी ताबुतांच्या भेटीचं तिनं रंगवून केलेलं वर्णन तेवढं त्या टेपवर उरलंय. केबल जोडली, प्ले दाबलं... आणि आजीच्या आधी स्पीकरच बोलला. घुंऽऽऽ!

ड्रायव्हर पुन्हा टाकला, केबल बदलली. ढिम्म फरक नाही! मग टेपरेकॉर्डरच काढून ठेवला. घरघर चालूच. म्हणजे कॅसेट निर्दोष! तेवढ्यात कॅबिनेटला हात लागला आणि बोटांना बारीक झिणझिण्या आल्या. ट्यूब पेटली. सॉकेटला भोकं तीन, पण अर्थिंगची वायरच नाही! पॉवर सप्लायमधून झिरपणाऱ्या करंटला जमिनीत जायला वाट नसली, की तो ऑडिओच्या केबलमध्ये घुसतो. मग विजेची 50 हर्ट्झची घरघर थेट स्पीकरमधून ऐकू येते.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियननं अंगणात खड्डा खणला, कोळसा-मीठ भरून प्लेट पुरली. घरघर गायब!

तुमच्याही पीसीची खरखर जात नाहीये? आधी माइक आणि लाइन-इन म्यूट करा. माउस हलवला की कुरकुर होते? साधं यूएसबी साउंड कार्ड लावून बघा. सतत घुं येतंय? अर्थिंग तपासून घ्या, भाड्याच्या फ्लॅटमध्येसुद्धा. आणि हो, तिसरी पिन तोडायचा शॉर्टकट नको, बॉस. ती जीव वाचवते.

त्या रात्री पुन्हा प्ले दाबलं. आजी आधी खाकरली, मग बोलायला लागली. ते खाकरणं मी एडिट केलेलं नाही.