वरून हिरवा, आतून पोकळ

शाळेच्या अंगणातील किंवा रस्त्याकडेची जुनी चिंच दर पावसाळ्यात पालवते, म्हणून ती निकोप आहे, असे मानले जाते. ही समजूत घातक ठरू शकते. मुळांनी शोषलेले पाणी सालीखालच्या कोवळ्या रसकाष्ठातून वर चढते. मधला गाभा हा बव्हंशी मृत पेशींचा असतो. तो कुजून गेला तरी शेंडा हिरवा राहू शकतो. झाड केव्हाही उन्मळण्याच्या बेतात असले, तरी पानांवरून ते कळेलच असे नाही.

कुज शिरते ती जखमेतून. वणव्याने बुंध्यापाशी भाजलेली साल, वादळात मोडलेली फांदी, सरपणासाठी ओरबाडून केलेली छाटणी, रस्ता रुंद करताना तोडलेली मुळे, ही तिची नित्याची द्वारे होत. सागाच्या जुन्या खुंटावर उंच फुटलेल्या धुमाऱ्यातही खुंटाची कुज उतरते.

पाहणीचा आरंभ म्हणूनच बुंध्यापासून करावा. खोडावर वा मुळांवर उगवलेली टणक, फळीसारखी भूछत्रे आत बुरशी मुरल्याची खूण समजावी. ढोली, उभ्या चिरा, मुंग्यांनी बाहेर टाकलेला भुसा, एका बाजूस विनाकारण फुगलेले खोड यांचीही नोंद घ्यावी. नंतर लाकडी मोगरीने खोड सर्व बाजूंनी ठोकावे. भरीव लाकूड घट्ट बोलते, पोकळ लाकूड घुमते. मात्र सुटलेली सालही घुमते. तेव्हा केवळ कानावर निर्णय सोपवू नये. शंका उरल्यास जाणकाराकडून बारीक गिरमिटाने छिद्र पाडून भुसा तपासावा. गिरमिट एकाएकी सैल पडले किंवा काळपट, ओलसर चुरा आला, तर तेथून कुज सुरू झाली असे धरावे. हे छिद्रही एक जखमच असल्याने ते सरसकट पाडू नये.

पोकळी आढळली म्हणजे झाड तोडलेच पाहिजे, असे मुळीच नाही. शंभर सेंटिमीटर व्यासाच्या खोडात बरोबर मधोमध पन्नास सेंटिमीटरची पोकळी असली, तरी वाकण्यास विरोध करणारी त्याची ताकद गणिताने अवघी सोळाव्या हिश्शाने घटते. पोकळी ऐंशी सेंटिमीटरची झाली, की ही घट सुमारे चाळीस टक्क्यांवर जाते. कवचास चीर वा भोक असेल, तर हे गणित लागू पडत नाही. ढोलीत पिंगळे, धनेश, सातेरी मधमाश्या नांदतात, हेही ठराव करताना ध्यानी असावे.

तोडणे अटळच असेल, तर १९६४ व १९७५ च्या कायद्यांपैकी जो लागू असेल त्याप्रमाणे परवानगी घ्यावी आणि तोडणाऱ्यास पोकळीची माहिती आधी द्यावी. भरीव झाड पडताना खाच आणि मागचा काप यांमध्ये राखलेली लाकडाची पट्टी बिजागरीसारखी वळते व झाडाला दिशा देते. पोकळ बुंध्यात ही पट्टी मध्येच तुटलेली असते. मागे ठोकलेली पाचरही आत धसते. झाड भलतीकडे कलंडते किंवा उभेच फाटते. म्हणून काप कुजलेल्या भागाच्या वर, भरीव लाकडात घ्यावा, दोर दूरवरून ओढावा, मागे तिरपी पळवाट आधीच मोकळी करावी आणि शाळा सुटल्यावरच कुऱ्हाड उचलावी.