उन्हाळ्याचं शास्त्र – भाग ५ : घरचं गारेगार मऊ कशानं होतं?

गारेगार चोखणाऱ्या प्रत्येक पोराला एक गोष्ट ठाऊक असते. आधी रंग येतो, गोडी येते, आणि थोड्याच वेळात हातात उरतो नुसता पांढरा, बेचव बर्फ. घरी केलेल्या कांडीची गत तर याहून वाईट. कलिंगडाचा रस पेल्यात ओतून, काडी खोचून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला की सकाळी दगड तयार. दात शिवशिवतात, चव लागत नाही, आणि पोरं म्हणतात, "त्यापेक्षा दुकानातलं आण." मग घरातलं मोठं माणूस समजूत काढतं, की दुकानवाले कसलीतरी पावडर घालतात, आपल्याला ते जमायचं नाही.

घरी उत्तम जमतं. त्यासाठी दोनच गोष्टी नीट कळाव्या लागतात : रसात साखर किती आहे, आणि तो किती वेगानं गोठतोय. गेल्या रविवारी माठातलं पाणी गार कसं होतं ते आपण पाहिलं. तिथे पाणी वाफ होऊन उडून जात होतं, आज त्याच पाण्याचा बर्फ करायचा आहे.

पाणी गोठताना त्याचे रेणू अगदी ठरावीक मांडणीत एकमेकांना धरतात. त्या मांडणीत दुसऱ्या कशालाही जागा नसते. साखर, आंबटपणा, रंग, सुगंध, सगळं बाहेर ढकललं जातं. बर्फाचा स्फटिक म्हणजे जवळजवळ शुद्ध पाणी, मग तो कोकमाच्या सरबतात तयार झालेला असो की उसाच्या रसात. बाहेर ढकललेली साखर उरलेल्या पाण्यात जमते आणि ते पाणी आणखी गोड होतं. आणि जितकं गोड, तितकं गोठायला अवघड. एसटीच्या दारात माणसं दाटीनं उभी असली की आत शिरणाऱ्याला वाट मिळत नाही, तसे साखरेचे रेणू पाण्याच्या रेणूंना स्फटिकाकडे सहज पोचू देत नाहीत. शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठतं. शंभर ग्रॅम रसात पंधरा ग्रॅम साखर असेल तर गोठायला सुरुवातच उणे एक अंशाच्या आसपास होते. पुढे जसजसा बर्फ वाढतो तसतसा उरलेला पाक दाट होत जातो आणि त्याला गोठवायला आणखी थंडी लागते.

घरच्या फ्रीझरचं तापमान साधारण उणे १८ अंश असतं. तिथे ठेवलेल्या अशा कांडीतलं दहा भागांपैकी जवळपास नऊ भाग पाणी बर्फ झालेलं असतं. उरलेला एक भाग मात्र दाट पाकाच्या रूपात, न गोठता, स्फटिकांच्या मधल्या फटींत भरलेला असतो. कांडी मऊ लागते ती या न गोठलेल्या पाकामुळे. तो पुरेसा असेल तर दाताखाली स्फटिक एकमेकांवरून सरकतात आणि कांडी चावता येते. तो कमी पडला की स्फटिक एकमेकांना चिकटून सलग दगड होतो. चोखताना आधी हाच पाक तोंडात येतो आणि मागे बर्फाचा सांगाडा राहतो. पांढऱ्या दांडक्याचं कारण हेच.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर कोकमाची कांडी करा. गडद रंगामुळे त्यात सगळं स्पष्ट दिसतं. कांडी मधोमध मोडा आणि तोंड उजेडाकडे धरा. कडेला फिकट गुलाबी, जवळजवळ पारदर्शक पट्टा दिसेल आणि त्यात बाहेरून आत जाणाऱ्या बारीक रेघा. त्या बर्फाच्या सुया. पेल्याची भिंत सगळ्यात आधी गार होते, म्हणून स्फटिक तिथून निघून मध्याकडे वाढत जातात आणि वाटेतला रंग-साखर पुढे पुढे लोटत नेतात. म्हणून काडीच्या अवतीभवती सगळ्यात गडद लाल रंग असतो, आणि गोडी-आंबटपणाही तिथेच जास्त. कांडी जितकी सावकाश गोठली असेल तितका हा फरक ठळक दिसतो.

आता साखरेचा हिशेब. माझ्या मते काडीवरच्या कांडीला एकूण साखर १५ ते १८ टक्के असावी. एकूण म्हणजे फळातली आणि वरून घातलेली मिळून. कलिंगडात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि साखर आठ टक्क्यांच्या आसपास. म्हणून नुसत्या रसाचा दगड होतो. एक किलो गाळलेल्या रसात साधारण ८० ग्रॅम साखर विरघळवली की ती १५ टक्क्यांवर येते. सोबत एका लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. वजनकाटा नसेल तर जिभेवर विसंबा. रस गोठण्याआधी, खोलीच्या तापमानाला, प्यायच्या सरबतापेक्षा थोडा जास्त गोड लागला पाहिजे. थंडीत जिभेची गोडी ओळखायची ताकद मंदावते. गोड चवीचा संदेश पुढे नेणाऱ्या पेशींमधली एक वाहिनी तापमानावर चालते आणि गारठ्यात तिचं काम कमी होतं, हे २००५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. वितळलेलं आईस्क्रीम अतिगोड लागतं ते याच कारणानं.

इथे एक अडचण सांगायला हवी. साखर टाळणारे लोक गोडीच्या गोळ्या घालून कांडी करू पाहतात. गोडी येते, पण त्या गोळ्या इतक्या थोड्या घालाव्या लागतात की गोठण्यावर त्यांचा काही परिणाम होत नाही. कांडी दगडच राहते. अशा घरी रस ताटलीत पसरून गोठवावा आणि काट्यानं खरवडून वाटीत खावा. उलट मध किंवा गुळामुळे कांडी जरा अधिक मऊ होते, कारण त्यांत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात. त्यांचा रेणू साखरेच्या रेणूच्या निम्म्या वजनाचा, म्हणजे तेवढ्याच ग्रॅममध्ये रेणू जवळपास दुप्पट. मिठाचा जोर तर याहून मोठा. एक ग्रॅम मीठ गोठणबिंदू जितका खाली नेतं, तितका न्यायला जवळजवळ बारा ग्रॅम साखर लागते.

म्हणून कोकणातल्या घरांत कोकमाची कांडी करताना बाटली कोणती हे आधी बघावं. अमृत कोकम म्हणजे साखरेत मुरलेला पाक. तो आपण सरबताला एकास पाच पाण्यात घेत असू, तर कांडीला एकास चार घ्यावा, काम झालं. आगळ मात्र मिठातलं असतं. ते सढळ हातानं पडलं तर कांडी भुसभुशीत होते आणि पेल्यातून ओढताना काडी तेवढी हातात येते. सोलकढीसाठी ठेवलेलं आगळ कांडीत घालायचंच असेल तर एखादा चमचा चवीपुरता, बाकी गोडी साखरेची.

हापूस या कामाला सगळ्यात सोपा. पिकलेल्या हापूसच्या रसात मुळातच पुरेशी साखर असते आणि गर दाट असतो. त्यातलं पेक्टिन आणि बारीक तंतू स्फटिकांना मोठं होऊ देत नाहीत, म्हणून आंब्याची कांडी दूध न घालताही मलईसारखी लागते. चार वाट्या रसाला एक वाटी पाणी, चमचा-दोन चमचे साखर, थोडं लिंबू. पन्ह्याची कांडीही याच कारणानं छान होते. कैरी उकडली की तिच्यातलं पेक्टिन मोकळं होतं आणि पन्ह्याला दाटपणा येतो. किसलेल्या कच्च्या कैरीच्या सरबताची कांडी तशी होत नाही, ती करकरीत राहते. करवंदं आणि जांभळं थोड्या पाण्यात उकळून, कुस्करून, बिया काढून गाळून घ्यावीत.

उसाच्या रसाबद्दल मला विशेष प्रेम आहे, कारण त्यात काहीच घालावं लागत नाही. त्यातली साखर साधारण आपल्याला हवी तेवढीच असते. रसवंतीवाल्या काकांना बिनबर्फाचा रस मागा, आलं-लिंबू घालून घ्या आणि घरी येताच गोठवा. रेंगाळलात तर रस काळपट पडतो. तो काळेपणा उसातल्याच एका विकराचा, आणि लिंबातलं आम्ल त्याचा वेग कमी करतं.

आता वेगाकडे येऊ. रस शून्य अंशाजवळ यायला फार वेळ लागत नाही, खरा वेळ जातो तो तिथून पुढे. एक ग्रॅम पाणी शून्याला असताना त्याचा बर्फ करायला जितकी उष्णता काढावी लागते, तितक्याच उष्णतेत तेच पाणी ८० अंशांवरून शून्यावर आणता येतं. ही उष्णता सावकाश निघाली तर थोडेच स्फटिक तयार होतात आणि मोठे होत जातात. झपाट्यानं निघाली तर असंख्य बारीक स्फटिक होतात, आणि ते जिभेला टोचत नाहीत. म्हणून कारखान्यात धातूचे साचे हवेत ठेवत नाहीत, शून्याच्या बऱ्याच खाली गार केलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत बुडवतात. हवेपेक्षा द्रव उष्णता कितीतरी लवकर ओढून घेतो. दुकानातल्या कांडीचं मर्म या टाकीत असतं.

घरी हे साधायला प्लास्टिकच्या साच्यांऐवजी स्टीलची अरुंद फुलपात्रं घ्या. फ्रीझरच्या तळाला, मागच्या बाजूला, धातू तळाला टेकेल अशी ठेवा. रस आधी खालच्या कप्प्यात चांगला गार करून मगच ओता. आणि एका वेळी फ्रीझर गच्च भरू नका. ज्यांना हौस आहे त्यांनी पॉट आईस्क्रीमची जुनी रीत वापरावी. बादलीत तीन वाटे कुटलेला बर्फ आणि एक वाटा खडे मीठ. हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं. घरी तितकं जात नाही, पण शून्याच्या बरंच खाली जातं आणि फुलपात्राला चारी बाजूंनी भिडतं. खारं पाणी आत जाणार नाही एवढं तोंड बांधून घ्यावं.

काडी सुरुवातीलाच घातली तर तिरकी होते. तासाभरानं, कडा धरल्या आणि मध्ये रबडी झाली की मग खोचावी. भिजवलेला सब्जा घालायचा असेल तर तोही तेव्हाच, नाहीतर सगळा तळाला बसतो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, त्यामुळे पेला काठोकाठ भरू नये. काढताना फुलपात्र कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद धरावं, ओढाताण करू नये. काढलेल्या कांड्या डब्यात किंवा पिशवीत घट्ट बंद कराव्यात. उघड्या राहिल्या तर त्यांच्यातला बर्फ न वितळताच हळूहळू उडून जातो, कांडी सुरकुतते आणि तिला फ्रीझरमधल्या मासळीचा वास लागतो.

पाण्याबाबत हयगय नको. गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, पुष्कळसे नुसते थांबून राहतात आणि पोटात गेले की पुन्हा कामाला लागतात. कावीळ आणि टायफॉइड बर्फातूनही पसरू शकतात. मासळी-भाजीसाठीचा बर्फ सरबतात जाऊ नये म्हणून २०१८ मध्ये महाराष्ट्रात न खाण्याजोग्या बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक झालं. गाडीवर निळसर बर्फ दिसला तर तिथे काही पिऊ नका. आणि घरी कांडीत मिसळायचं पाणी उकळून गार केलेलंच घ्या, मग नळाला कितीही चांगलं पाणी येत असो. फळं कापण्याआधी धुवा, कलिंगडाची सालसुद्धा, कारण सुरी सालीवरूनच आत जाते. काड्या खाण्याच्या वस्तूंसाठी म्हणून मिळतात त्याच आणा. स्टेशनरीच्या दुकानातल्या रंगीत काड्या हस्तकलेसाठी असतात.

करवंदं आणि जांभळं पहिला पाऊस पडेपर्यंतच चांगली मिळतात. एकदम आणून, गर काढून, साखर घालून डब्यात गोठवून ठेवलात तर जूनमध्येही कांडी करता येईल. पुढच्या रविवारी वाळवणं : कुरडया उन्हात का तडकतात, आणि चीक किती दिवस आंबवावा.